जूनमधला 'मे' आणि आपला रँग्लर

गेल्या जूनमध्ये पुतणीचा इंग्लंडहून फोन आला. ती तिकडे एका विद्यापीठात शिकते आणि त्या दिवशी मैत्रिणीकडे म्हणून केंब्रिजला गेली होती. पाठीमागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "तात्या, सगळं गाव नदीवर आलंय. होड्यांच्या शर्यती लागल्यात. ह्याला म्हणे 'मे वीक' म्हणतात, आणि चाललाय जूनमध्ये! तुम्ही सांगायचा ना, त्या रँग्लर परांजप्यांचं कॉलेजही लांबून बघितलं." मी विचारले, मजा वाटते का? ती म्हणाली, "वाटते की. पण जत्रा दुसऱ्याच्या गावची."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. विट्याच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने बाहेर काढलेली आमची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ पेठांतून पांगली. बारावीनंतर मीही चार वर्षे केरळातल्या एका गावी चुलत्यांच्या दुकानात भट्टीवर होतो. समोर रस्त्यापलीकडे एक कॉलेज होते. वर्षातून एकदा तिथे पोरांचा कलामहोत्सव भरायचा. तीन दिवस ढोल, नाच, मिरवणुका. मी हात धुऊन फाटकापाशी जाऊन उभा राहायचो. मला कुणी हाकलले नाही आणि कुणी आत बोलावलेही नाही. कॉलेजशी माझा संबंध आला तो एवढाच. पुढे जे काही वाचले ते गावी परत आल्यावर, वाचनालयाच्या बाकावर.

रँग्लर परांजपे यांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोकणातला हुशार मुलगा, सरकारी शिष्यवृत्ती, केंब्रिज, गणितात पहिला नंबर. ही गोष्ट नेहमी परीक्षेच्या बाजूने सांगितली जाते. पुतणीच्या फोननंतर मला ती जत्रेच्या बाजूने बघावीशी वाटली. ज्या निकालाने परांजपे 'रँग्लर' झाले तो निकाल केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक उत्सवाच्या ऐन दिवसांत, आरडाओरड्यात, गॅलरीखाली वाचला जात असे. 'रँग्लर' ही पदवी आपण मराठीत आणली ती तिच्याभोवतीची जत्रा गाळून. ती जत्रा पुन्हा तिच्या जागी ठेवून पाहिली म्हणजे त्या सन्मानाची किंमत कमी होत नाही. मात्र तो सन्मान कुणाच्या हाती होता आणि कुणाला मिळू शकत नव्हता, हे नीट दिसते.

मे महिना जूनमध्ये कसा गेला

केंब्रिजचे विद्यार्थी वर्षभर कॉलेजांतून राहतात. कॉलेज म्हणजे आपल्याकडच्यासारखी केवळ वर्गांची इमारत नव्हे. तिथे राहणे, जेवण, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय आणि शिकवणी असे सगळे एका आवारात असते. अशी अनेक कॉलेजे मिळून विद्यापीठ बनते. अभ्यास आणि तालीम कॉलेजात होते, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. त्यामुळे ईर्ष्या असते ती कॉलेजाकॉलेजांत, जशी आपल्याकडे आळीआळींत किंवा तालमीतालमींत असते.

उन्हाळ्याच्या सत्राच्या शेवटी होड्यांच्या शर्यती, नृत्यसमारंभ, नाटके आणि बागेतल्या मेजवान्या असा आठवडा पूर्वी मे महिन्यात होत असे. पुढे परीक्षांचे वेळापत्रक बदलले. गणिताची मोठी परीक्षा पूर्वी जानेवारीच्या कडाक्यात व्हायची. १८८० च्या दशकात ती उन्हाळ्याच्या तोंडावर आली. उत्सवाचा आठवडा साहजिकच परीक्षेनंतर, म्हणजे जूनमध्ये सरकला. नाव मात्र 'मे वीक' असेच राहिले, आणि तो आठवडा म्हणता म्हणता दहा-बारा दिवसांचा झाला. आपल्याकडे विजयादशमीला 'सीमोल्लंघन' म्हणतात, पण सीमा ओलांडून स्वारीवर जाणारे आता कोण उरले आहे? सणांची नावे अशीच मागे राहून जातात.

या दिवसांतल्या नृत्यसमारंभाला 'मे बॉल' म्हणतात. ट्रिनिटी कॉलेजच्या बोट क्लबाने १८६६ मध्ये तो सुरू केला, म्हणजे त्याचे मूळही नदीतच आहे. रात्रभर नाच-गाणी चालतात आणि पहाटेपर्यंत टिकून राहिलेल्यांचा एकत्र फोटो काढला जातो. १८८३ मध्ये स्थापन झालेली 'फूटलाइट्स' ही विद्यार्थ्यांची नाट्यमंडळी याच दिवसांत आपले विनोदी प्रयोग लावते. आई-वडील, बहिणी, पाहुणे असे सगळे गावात येतात. एरवी गंभीरपणे फिरणारे गाव महिन्याभराची परीक्षेची धास्ती झटकून मोकळे होते.

पालखी आणि होडी

दसऱ्याला आमच्या विट्यात रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत लागते. एक विट्याची आणि एक मूळस्थानाची. देशभरचे गलाई बांधव या दिवसासाठी दुकानांना कुलपे लावून गावी येतात. ज्याला येता येत नाही तो भट्टीपाशी बसून, आता पालखी कुठवर आली असेल, याचा हिशेब करतो. ही शर्यत ज्याने पाहिली आहे त्याला केंब्रिजच्या होड्यांची शर्यत समजायला वेळ लागणार नाही.

कॅम नदी अरुंद आहे. दोन होड्या शेजारी शेजारी चालवून 'पुढे कोण' ठरवावे एवढी रुंदी तिला नाही. म्हणून १८२० च्या दशकात विद्यार्थ्यांनी एक युक्ती काढली. सगळ्या होड्या एकामागे एक, दोन होड्यांत साधारण दीड होडीचे अंतर ठेवून उभ्या करायच्या. तोफेचा बार झाला की सगळ्यांनी एकदम निघायचे. प्रत्येक होडीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू सांभाळणारा. काम एकच: आपल्याला मागचीने गाठायच्या आत पुढचीला गाठून तिला टेकायचे. टेकली की दोन्ही होड्यांनी बाजूला व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल करायची. ही 'बंप्स'. शर्यत चार दिवस चालते. चौथ्या दिवशी जी होडी सर्वांत पुढे असेल ती वर्षभर 'नदीची प्रमुख'. आणि पुढच्या वर्षी सुरुवात होते ती गेल्या वर्षी जिथे संपले तिथूनच. आजच्या पोराने वल्हे मारायचे ते दहा वर्षांपूर्वीच्या पोराने मिळवून ठेवलेल्या जागेवरून. म्हणूनच म्हातारे झालेले माजी विद्यार्थीही काठावर उभे राहून घसा फोडतात.

परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजात होते त्याच्या बोट क्लबाला 'लेडी मार्गारेट बोट क्लब' म्हणतात. त्याची स्थापना १८२५ ची. या क्लबाच्या वल्हेकऱ्यांचे कोट लालभडक असत, जणू पेटलेले. त्यावरूनच 'ब्लेझर' हा शब्द आला असे सांगतात. आपल्या इंग्रजी शाळांतली मुले एप्रिलच्या उन्हात घामेजून जो ब्लेझर घालतात त्याचे मूळ असे कॅमच्या काठावर सापडते.

तीन पायांचे स्टूल

केंब्रिजच्या पदवी परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. हे नाव तीन पायांच्या स्टुलावरून आले. जुन्या काळी, लेखी परीक्षा नव्हत्या तेव्हा, पदवी मिळवायची ती भर सभेत वादविवाद करून. त्या समारंभात एक जुना पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसे आणि उमेदवारांशी थट्टेखोर वाद घाली. त्यालाच 'मिस्टर ट्रायपॉस' म्हणत. पुढे त्याच्या थट्टेची जागा लॅटिनमधल्या विनोदी कवितांनी घेतली. त्या कविता छापून वाटल्या जात आणि त्याच कागदाच्या पाठीवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून उत्तीर्ण झालेल्यांची क्रमवार यादी छापली जाऊ लागली. यादीला आणि मग परीक्षेलाच स्टुलाचे नाव चिकटले.

'रँग्लर' हा शब्दही त्याच वादविवादातला. 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणे, भांडून वाद करणे. जो चांगला वाद घालतो तो रँग्लर. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिला वर्ग मिळवणारे ते रँग्लर, दुसऱ्या वर्गातले 'सीनियर ऑप्टिम' आणि तिसऱ्यातले 'ज्युनियर ऑप्टिम'. रँग्लरांतला पहिला तो 'सीनियर रँग्लर'. आपल्या भाषेत 'वादपटूंचा म्होरक्या' म्हटले तर फार चुकणार नाही. म्हणजे ज्या पदवीकडे आपण हात जोडून पाहत आलो तिची दोन्ही नावे थट्टामस्करीच्या एका समारंभातून आली आहेत. खेळ आणि परीक्षा तिथे पहिल्यापासूनच एका घरात नांदत होती.

एकोणिसाव्या शतकात मात्र त्यातला खेळ जीवघेणा झाला. क्रमांकासाठी खासगी शिकवण्या सुरू झाल्या. एडवर्ड राऊथ नावाच्या एकाच शिक्षकाने दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. मुलांना ठरावीक प्रकारची गणिते ठरावीक वेगाने सोडवायची तालीम मिळे, घोड्याला शर्यतीसाठी तयार करावे तशी. निकालाच्या आधी कोण पहिला येणार याच्या पैजा लागत आणि निकालाची बातमी वर्तमानपत्रांतून देशभर जाई.

सिनेट हाउसची गॅलरी

निकालाची सकाळ हा या दिवसांतला एक खेळच होता. सिनेट हाउस हे विद्यापीठाचे समारंभाचे सभागृह. खाली काळ्या झग्यांतली परीक्षक मंडळी, वर गॅलरीत पोरांची खच्चून गर्दी. घड्याळाचे ठोके पडायला लागले की परीक्षक यादी वाचायला सुरुवात करी. पहिले नाव उच्चारताच सभागृह दणाणून जाई. पुढची नावे त्या गदारोळातच वाचली जात आणि छापील याद्या हवेत उधळल्या जात.

गॅलरीचा दुसरा आवडता माणूस म्हणजे तिसऱ्या वर्गातला शेवटचा. पदवीदानाच्या वेळी तो गुडघे टेकून बसला की वरून दोरीने एक लाकडी चमचा खाली सोडला जाई. सुरुवातीला हा चमचा स्वयंपाकघरातल्या डावाएवढा असे. पोरांचा उत्साह वाढत गेला तसा तोही वाढला आणि शेवटी होडीच्या वल्ह्याचाच चमचा होऊ लागला. १९०९ साली क्रमवार यादी शेवटची लागली. त्या वर्षीचा चमचा मिळाला सेंट जॉन्स कॉलेजच्याच, म्हणजे परांजप्यांच्या कॉलेजच्या, होल्टहाउस नावाच्या विद्यार्थ्याला. तो मीटरभराहून लांब चमचा त्या कॉलेजाने जपून ठेवला आहे. ज्या कॉलेजात आपला पहिला सीनियर रँग्लर, त्याच कॉलेजात दहा वर्षांनी शेवटचा चमचेवाला. आणि दोघांनाही डोक्यावर घेणारी गॅलरी एकच.

आपल्याकडे शेवट आलेल्याची अशी मिरवणूक काढत नाहीत. आपल्याकडे तो घरी उशिरा जातो. या बाबतीत केंब्रिजच्या पोरांची पद्धत मला बरी वाटते.

मुर्डीचा मुलगा

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे नातलग, आणि परांजपे त्यांच्याच छायेत वाढले. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन, हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते १८९६ मध्ये केंब्रिजला पोहोचले. वय वीस. जून १८९९ मध्ये सिनेट हाउसमध्ये नाव वाचले गेले तेव्हा पहिल्या जागेवर दोन नावे होती: पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टव्हिसल आणि सेंट जॉन्सचे परांजपे. दोघांना समान मान. सीनियर रँग्लर होणारे परांजपे हे पहिले हिंदी.

ही तीन वर्षे केंब्रिजच्या कॅलेंडरावर एक आणि आपल्या कॅलेंडरावर दुसरीच होती. ते बोटीने निघाले त्याच वर्षी मुंबईत ग्रंथिज्वराची साथ सुरू झाली. १८९७ च्या सुरुवातीला ती पुण्यात भडकली. घराघरांत सोजीर शिरून तपासणी करू लागले. परांजप्यांना पहिला 'मे वीक' भेटला तो जून १८९७ मध्ये, आणि त्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव इंग्लंडभर साजरा झाला. महोत्सवाचा मुख्य दिवस २२ जून. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. फर्ग्युसनचेच प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडातच होते. प्लेगच्या सोजिरांच्या वागणुकीविषयी त्यांनी तिथे केलेल्या विधानांचे पुरावे न मिळाल्यामुळे परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रँडवरच्या गोळीबारानंतर पुढच्याच महिन्यात टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली.

दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर या तिघांना १८९९ च्या मे महिन्यात, ८, १० आणि १२ तारखांना फाशी झाली. त्यानंतर अवघ्या महिन्याभरात केंब्रिजला निकाल लागला आणि एका पुणेरी विद्यार्थ्याच्या नावाने सिनेट हाउस दणाणले.

या तारखा मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो. येरवड्याचा मे आणि केंब्रिजचा 'मे' एकाच वर्षातले, पाठोपाठचे. एका मराठी मुलाचे नाव सरकार फाशीच्या हुकुमावर वाचते आणि दुसऱ्याचे त्याच साम्राज्याची गॅलरी टाळ्या वाजवून ऐकते. परांजप्यांच्या यशात कुणाला गद्दारी दिसेल, कुणाला सूड. मला त्यात यातले काहीच दिसत नाही. परमुलखात शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला नेहमी दोन कॅलेंडरे येतात. घरी सुतक असते तेव्हा समोर वाजंत्री वाजत असतात, आणि त्याला परीक्षेची वेळ पाळावी लागते. केरळात होतो तेव्हा आजी गेली. तार हाती आली त्या संध्याकाळी समोरच्या कॉलेजात महोत्सवाचा शेवटचा दिवस होता. त्या पोरांचा काय दोष होता? तरी त्या ढोलाचा आवाज अजून आठवतो.

त्याच चौकातली दुसरी गर्दी

या गॅलरीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

केंब्रिजमध्ये मुलींसाठी गर्टन (१८६९) आणि न्यूनम (१८७१) ही कॉलेजे निघाली होती. १८८१ पासून मुलींना ट्रायपॉसच्या परीक्षेला बसण्याचा अधिकार मिळाला. पदवी मात्र नाही. त्यांची नावे पुरुषांच्या यादीनंतर वाचली जात, 'अमुक आणि तमुक क्रमांकांच्या मध्ये' अशी. १८९० साली फिलिपा फॉसेट या न्यूनमच्या विद्यार्थिनीचे नाव वाचताना परीक्षकाला 'सीनियर रँग्लरच्या वर' असे म्हणावे लागले. म्हणजे ती सगळ्यांत पहिली आली होती. गॅलरीने टाळ्यांचा कडकडाट केला. पण सीनियर रँग्लर हा किताब गेला तिच्या खालच्या मुलाला.

सात वर्षांनी मुलींना निदान पदवीचे नाव तरी द्यावे असा ठराव विद्यापीठापुढे आला. मतदान २१ मे १८९७ रोजी सिनेट हाउसमध्येच झाले. बाहेर चौकात विद्यार्थ्यांची प्रचंड गर्दी. समोरच्या पुस्तकांच्या दुकानावर सायकलवर बसलेल्या एका बाईचा पुतळा टांगलेला. अंडी, पीठ, फटाके. साधारण १,७०० विरुद्ध ६६० अशा मतांनी ठराव पडला. पोरांनी पुतळा खाली ओढला, त्याचे तुकडे केले आणि ते न्यूनमच्या फाटकातून आत कोंबले. रात्री होळी पेटली. पहिल्या वर्षाला असलेले परांजपे तेव्हा याच गावात राहत होते.

दोन वर्षांनी काळ्या कातडीच्या, पराभूत देशातल्या मुलासाठी टाळ्या वाजवणारी गॅलरी आणि ही गर्दी यांत फार अंतर नाही. तेच वय, तीच कॉलेजे, आनंदाची तीच तऱ्हा. उत्सवात माणूस उदार होतो असे आपण समजतो. त्या दिवशी हातात काय आले आहे, डोक्यावर घेण्यासारखा नंबर की तुकडे करण्यासारखा पुतळा, एवढ्यावरच ते अवलंबून असते. शिवाय परांजपे एकटे होते. एका पाहुण्याला उचलून घेतल्याने गॅलरीतली कुणाची जागा जात नव्हती. घरच्या मुली आत आल्या असत्या तर ती कायमची वाटून घ्यावी लागली असती.

परांजपे १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून अल्प वेतनावर त्यांनी आपली उमेदीची वर्षे दिली. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने ते आयुष्यभर उभे राहिले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हाही ते त्यांच्या पाठीशी होते. आणि मग गोष्टीने एक वळण घेतले. त्यांची मुलगी शकुंतला, जन्म १९०६, केंब्रिजला गेली. कॉलेज न्यूनम, विषय गणित. ज्या फाटकातून पुतळ्याचे तुकडे कोंबले होते ते कॉलेज. १९२९ मध्ये तिने ट्रायपॉस पूर्ण केला. १९२१ च्या मतदानानंतर मुलींना पदवीचे नुसते नाव मिळू लागले होते, विद्यापीठाचे सभासदत्व नव्हे. त्या मतदानाच्या दिवशीही पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनमचे ब्राँझचे फाटक हातगाडीने धडका देऊन मोडले होते. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळाली ती १९४८ मध्ये, भारत स्वतंत्र झाल्यानंतर. परक्या देशातल्या वडिलांना त्या सभागृहाने १८९९ मध्ये जे दिले ते त्यांच्या मुलीला तीस वर्षांनीही पुरते दिले नाही.

शकुंतलाबाईंनी पुढे संततिनियमनाच्या प्रसाराचे काम केले, 'कुंकू' चित्रपटात भूमिका केली आणि राज्यसभेत बसल्या. त्या नुसत्या कुणाची मुलगी म्हणून राहिल्या नाहीत हे सांगायला नकोच.

यादी गेली, नाव उरले

ज्या १८९६ च्या शरदात परांजपे केंब्रिजला दाखल झाले त्याच वेळी ट्रिनिटी कॉलेजात जी. एच. हार्डी नावाचा मुलगाही आला. १८९८ च्या यादीत तो चौथा रँग्लर होता. पुढे तो मोठा गणिती झाला आणि आपल्या रामानुजनचा आधारही. पण या क्रमवार यादीवर त्याचा मनस्वी राग होता. शर्यतीसाठी शिकवलेले गणित हे गणितच नव्हे, असे त्याचे मत होते, आणि ती बंद करायला लावणाऱ्यांत तो पुढे होता. १९०९ नंतर यादी वर्णक्रमाने लागू लागली. पहिल्या वर्गातले सगळेच रँग्लर. पहिला कोण हे जाहीर करायचे नाही. फक्त त्याचे नाव वाचताना परीक्षकाने आपली टोपी किंचित उचलायची, असा संकेत पडला.

मराठीत मात्र 'रँग्लर' हा शब्द तोवर पदवी म्हणून घट्ट बसला होता. साताऱ्यात १८९८ मध्ये जन्मलेले गणेश सखाराम महाजनी सेंट जॉन्सलाच गेले, 'रँग्लर महाजनी' झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. तेव्हा आमचे विटेही सातारा जिल्ह्यातच होते, म्हणून मी त्यांना हक्काने आमच्याकडचे म्हणतो. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर हे पितापुत्रही त्याच वाटेने गेले. जयंतराव १९५७ मध्ये केंब्रिजला गेले तेव्हा देश स्वतंत्र होता आणि सिनेट हाउसमध्ये मुलींची नावे पुरुषांबरोबरीने वाचली जात होती. त्यांना तिथली जत्रा परांजप्यांपेक्षा कमी परकी वाटली असेल, असे मानायला हरकत नाही.

आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली. तरी 'बोर्डात आलेला' हा शब्द गेलेला नाही, आणि विट्याच्या चौकात अजूनही टक्केवारीसह फलक लागतात. यादी गेली तरी शर्यत उरते. उरली नाही ती शेवटच्या पोरालाही दोरीने चमचा सोडणारी गॅलरी, आणि तिची उणीव कुणाला जाणवत नाही.

पुतणीला मी हे सगळे फोनवर सांगितले. न्यूनमचे फाटक ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तात्या, ते फाटक मला माहीत असतं तर बघून आले असते. आता पुढच्या जूनला जाते." दसऱ्याच्या दिवशी मी तिला पालखीच्या शर्यतीचे चित्रण पाठवले. तिने ते खोलीतल्या मैत्रिणींना दाखवले. त्यातल्या एकीने विचारले म्हणे, यात बायका खांदा देत नाहीत का?

पुतणीने तो प्रश्न तसाच मला पाठवला आहे. मी अजून उत्तर लिहिलेले नाही.